सोडलेल्या गोष्टींची वही

वडील गेल्यानंतर त्यांचे कपाट आवरण्याचे काम माझ्याकडे आले. घडी न मोडलेले चार सदरे, काचेवर चरे गेलेली तीन घड्याळे, कोऱ्या राहिलेल्या रोजनिश्या आणि कोणत्या कुलपांच्या होत्या हे आता कोणालाच सांगता येणार नाही अशा किल्ल्यांचा एक जुडगा, हे सारे जमिनीवर मांडून मी बराच वेळ तशीच बसून राहिले. त्या दुपारी मला काहीच नकोसे झाले. पुढचे काही आठवडे आपण आता यातून सुटलो, अशी माझी मनापासून खात्री होती. दीड महिन्याने कार्यालयात बढतीची यादी लागली, तीत माझे नाव नव्हते, आणि त्या रात्री मला झोप आली नाही. आपल्याकडे याला स्मशानवैराग्य म्हणतात. शब्द लहानपणापासून माहीत होता. तो आपल्याला लागू पडेल असे मात्र कधी वाटले नव्हते.

तरीही त्या दुपारचे काहीतरी मनात राहून गेले होते. मी पहाटे अर्धा तास ध्यानाला बसू लागले, आणि शाळेत ज्यांनी मला संस्कृत शिकवले होते त्या बाईंकडे आठवड्यातून एकदा जाऊ लागले. निवृत्तीनंतर त्या दोन-चार जणांबरोबर गीता आणि योगसूत्रे वाचत असत. त्या स्वतःला गुरू म्हणवून घेत नाहीत आणि कोणाला नमस्कारही करू देत नाहीत.

पहिले वर्ष मी सोडण्यात घालवले. दागिने देऊन टाकले, कपडे मोजक्या जोडांवर आणले, दूरदर्शन बंद केले, कादंबऱ्या वाचणे थांबवले, समारंभांना जाणे टाळू लागले. प्रत्येक गोष्ट सुटली की एक हलकेपणा येई, आणि तो ओसरला की पुढे काय सोडावे हे मी शोधू लागे. बाई ऐकून घेत असत, कौतुक करत नसत. याच सुमारास आम्ही योगसूत्रांच्या पहिल्या भागातील, म्हणजे समाधिपादातील, पंधरावे सूत्र वाचायला घेतले. वैराग्य ही एका क्षणात घडणारी गोष्ट नसून तिला पायऱ्या आहेत, असे टीकाकारांनी या सूत्राच्या निमित्ताने मांडले आहे. यतमान म्हणजे नुसता प्रयत्न चालू असणे. व्यतिरेक म्हणजे कोणत्या इच्छा शमल्या आणि कोणत्या अजून जिवंत आहेत हे वेगवेगळे करून पाहता येणे. एकेंद्रिय म्हणजे इंद्रिये धावायची थांबली तरी मनात उत्सुकता शिल्लक असणे. आणि तीही मावळली की वशीकार. हे वाचताना मी मनातल्या मनात स्वतःला तिसऱ्या पायरीवर उभी करून मोकळी झाले होते.

बाईंनी गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील एकोणसाठावा श्लोक काढला. आहार न घेणाऱ्यापासून विषय दूर होतात, पण त्यांतला रस जात नाही. तो परमतत्त्वाच्या दर्शनानेच जातो, असे तो श्लोक सांगतो. ज्ञानेश्वरांनी त्यावर वृक्षाचा दृष्टांत दिला आहे : वरवर पालवी खुडायची आणि मुळाला पाणी घालायचे, तर तो वृक्ष कसा नष्ट होईल? बाईंनी मला विचारले, “तुझ्या झाडाला पाणी कोण घालतंय?” मला उत्तर देता आले नाही. त्या म्हणाल्या, “एक वही कर. काय सोडलंस ते लिहू नकोस. सोडलेलं कितीदा आणि कोणाला सांगितलंस, ते लिही.”

मी शंभर पानी वही घेतली. मला वाटले होते की महिन्याभरात फार तर तीन-चार नोंदी होतील. पहिल्या आठवड्यातच अकरा झाल्या. मैत्रिणीने साडीबद्दल विचारले तेव्हा मी नुसते “साधीच आहे” म्हणू शकले असते. मी मात्र कपडे कसे आणि किती कमी केले, ते सांगत बसले. एका सहकाऱ्याने कुठल्याशा मालिकेचा उल्लेख केला, तेव्हा मी आम्ही घरी ते पाहतच नाही असे म्हटले, आणि ते म्हणताना माझा आवाज किंचित खाली गेला, जसा आपण मोठी गोष्ट सहज सांगतो आहोत असे भासवताना जातो. हा आवाज मला वहीमुळे ऐकू आला. रात्री नोंद लिहिताना कान तापत असत. दागिने गेले होते, पण ते मिरवण्यात जे सुख होते ते जागच्या जागी होते. फक्त आता ते दागिने नसण्यावर जगत होते.

बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य ऋषी प्रश्न विचारणाऱ्या कहोलाला सांगतात की आत्म्याला जाणणारे पुत्रैषणा, वित्तैषणा आणि लोकैषणा, म्हणजे पुत्राची, वित्ताची आणि लोकाची इच्छा, यांच्यावर उठतात. तिथे ‘लोक’ या शब्दाचा मूळ रोख माणसांकडे नसून स्वर्गलोकासारख्या प्राप्त करून घ्यायच्या लोकांकडे आहे, पण आपल्या बोलण्यात लोकैषणा म्हणजे लोकांनी आपल्याला चांगले म्हणावे ही इच्छा असाच अर्थ रुळला आहे, आणि माझ्या बाबतीत तोच खरा होता. मला अधिक लागले ते त्यापुढचे वाक्य. जी पुत्रैषणा तीच वित्तैषणा, जी वित्तैषणा तीच लोकैषणा, असे याज्ञवल्क्य म्हणतात. मी इतके दिवस इच्छांची यादी करून एकेकीवर काट मारत होते. यादी लांब असली तरी मागणारी एकच होती, हे माझ्या लक्षात आले नव्हते.

घरातल्यांना या काळात माझ्यामुळे जो त्रास झाला, तो सांगितल्याशिवाय हा अनुभव प्रामाणिक होणार नाही. माझी मुलगी गाणे शिकते. तिच्या रियाजाची वेळ आणि माझी संध्याकाळची ध्यानाची बैठक एकाच वेळी येऊ लागली, तेव्हा मी तिला दार लावून गायला सांगितले, मग हळू गायला सांगितले, आणि हळूहळू तिने संध्याकाळी गाणेच सोडले. मला ते दोन महिने कळलेही नाही. उलट घर किती शांत झाले आहे, याचे मला समाधान वाटत होते. एके दिवशी नवरा म्हणाला, “इच्छा तुझ्या सुटायच्या होत्या ना? मग तिची का सुटली?” मी रागावले, पण बाईंना हे सांगितल्यावाचून राहवले नाही. त्यांनी गीतेच्या अठराव्या अध्यायातला आठवा श्लोक वाचायला लावला. कर्म दुःखद आहे म्हणून, शरीराला होणाऱ्या कष्टांच्या भीतीने जो ते टाकतो, त्याचा त्याग राजस ठरतो आणि त्याला त्यागाचे फळ मिळत नाही. समारंभ टाळणे, नातेवाइकांच्या आजारपणात फोनवर भागवणे, मुलीचा अभ्यास नवऱ्यावर सोपवणे, यांतले किती वैराग्य होते आणि किती कंटाळा होता, हे मी त्या रात्री वहीच्या शेवटच्या पानांवर वेगळे मांडून पाहिले. कंटाळ्याचा रकाना बराच मोठा निघाला. दुसऱ्या दिवशी मी बैठकीची वेळ बदलली आणि मुलीची क्षमा मागितली. तिने लगेच गायला सुरुवात केली नाही. त्याला आणखी काही आठवडे जावे लागले, आणि ते आठवडे मला फार जड गेले.

यानंतरचा टप्पा मला सर्वांत कठीण गेला, कारण त्यात बाहेरचे काहीच नव्हते. चौथ्या वर्षी एका पहाटे बसलेले असताना श्वास अगदी बारीक झाला, आणि किती वेळ ते सांगता येत नाही, पण काही काळ कोणीही काहीही मागत नव्हते. आनंद म्हणावा असेही ते नव्हते. खोलीतला पंखा बंद झाल्यावर तो इतका वेळ आवाज करत होता हे कळते, तसे काहीसे ते होते. उठले तेव्हा डोळ्यांत पाणी होते. पुढचे तीन महिने मी रोज तेच शोधत बसले. त्या दिवशी बसण्याची दिशा कोणती होती, अंगावर शाल होती का, आदल्या रात्री किती वाजता झोपले होते, हे सारे आठवून तसेच जुळवून आणू लागले. जितके जुळवावे तितके मन खडखडीत होत गेले. मी चिडचिडी झाले, आणि आपली काहीतरी अधोगती झाली आहे असे मला वाटू लागले.

बाईंनी योगसूत्रांचे कर्ते पतंजली यांची रागाची व्याख्या आठवून दिली : सुखानुशयी रागः. सुखाच्या मागोमाग येणारा तो राग, म्हणजे आसक्ती. सुख कपड्याचे की समाधानाचे, असा भेद त्या सूत्रात नाही. मग त्यांनी ते पंधरावे सूत्र पुन्हा उघडले, जे मी पहिल्या वर्षी वाचूनही वाचले नव्हते. त्यात दृष्ट विषय आहेत तसेच आनुश्रविकही आहेत, म्हणजे शास्त्रांतून ऐकलेले, ज्यांचे वचन दिले गेले आहे असे स्वर्गादी विषय. त्यांचीही तृष्णा नसणे हे वैराग्य. ध्यानात काय काय दिसते, कोणता आनंद मिळतो, हे मी वर्षानुवर्षे वाचत आले होते, आणि संसारातल्या इच्छांच्या जागी ती नवी यादी नीट लावून ठेवली होती. बुद्धांनी सारनाथच्या पहिल्या उपदेशात तृष्णेचे तीन प्रकार सांगितले आहेत. त्यांत कामतृष्णा, म्हणजे विषयसुखाची ओढ, आणि भवतृष्णा, म्हणजे असत राहण्याची ओढ, यांच्या जोडीला विभवतृष्णाही आहे : हे नको, मी नको, संपून जावे, अशी ओढ. वडिलांच्या कपाटासमोर मला जे वाटले होते त्यातही ही ओढ बरीच होती, असे आता वाटते.

मग मोक्षाची इच्छा तरी का धरावी, असा प्रश्न मी विचारलाच. मुमुक्षुत्व, म्हणजे हीच इच्छा, हे वेदान्तातल्या साधनचतुष्टयातले, म्हणजे साधकाच्या चार साधनांतले, चौथे साधन मानले आहे, विवेक, वैराग्य आणि शमादी षट्संपत्ती, म्हणजे शम, दम इत्यादी सहा गुण, यांच्या नंतरचे. बाई म्हणाल्या, “काट्यानं काटा काढायचा असतो. पण पहिला निघायच्या आधीच दुसरा टाकून देऊ नकोस, आणि दोन्ही जपूनही ठेवू नकोस.” माझ्यासाठी त्यांनी याहून साधा नियम घालून दिला. बैठक छान लागली म्हणून वाढवायची नाही, लागत नाही म्हणून मध्येच उठायचे नाही. गजर झाला की उठायचे.

मी आज कोणत्या पायरीवर आहे, हे विचारले तर व्यतिरेक एवढेच सांगता येईल. वस्तूंची ओढ बरीच निवली आहे. पैशाची भीती अजून आहे, विशेषतः आजारपणाच्या विचाराने. कौतुक ऐकले की छातीत ऊब येते, पण ती आली हे आता लगेच कळते आणि तिच्यावर पुढचे वाक्य उभे राहत नाही. निदान बहुतेक वेळा राहत नाही. वहीत या महिन्यात सहा नोंदी आहेत, आणि हे लिखाण ही सातवी असेल.

गेल्या आठवड्यात एका पहाटे ती शांतता पुन्हा आली. न बोलावता, शालीशिवाय, आदल्या रात्री उशिरा झोपलेली असताना. ती पुरती स्थिरावते आहे तोच गजर झाला. मन म्हणाले, अजून दोनच मिनिटे. मी हात लांब करून गजर बंद केला, उठले, आसनाची घडी घातली आणि मुलीला उठवायला गेले.