नऊ थांब्यांत न मावणारं कोकण

पुण्याहून रत्नागिरीला जायचंय असं नकाशाच्या ॲपला सांगितलं की ते क्षणात निळी रेषा ओढून मोकळं होतं. सातारा, कराड, मलकापूर, आंबा घाट, हातखंबा. रेषेत खोट काढायला जागा नाही. पण मोटारसायकलवरून कोकणात निघालेल्या माणसाला रत्नागिरीला पोचायचं असतं, हे कुणी ठरवलं? त्याला ताम्हिणी उतरायचा असतो. म्हसळ्यावरून हरिहरेश्वर, मग बागमांडल्याला फेरीबोटीत गाडी चढवून पलीकडे वेश्वीला उतरायचं. पुढे केळशी, आंजर्ले, दाभोळला दुसरी फेरीबोट, गुहागर, हेदवी, तवसाळला तिसरी, जयगड, मालगुंड, गणपतीपुळे, आरे-वारे. रत्नागिरी शेवटी येते, कारण रात्री कुठंतरी टेकावं लागतं.

हा मार्ग गूगल मॅप्सच्या गळी उतरवणं हा स्वतंत्र उद्योग आहे. तिथं नऊ थांबे घालता येतात, आणि कोकण काही नवात मावत नाही. मग हेदवी कापायची की आंजर्लं, यावरून आमच्या ग्रुपवर भाऊबंदकीला शोभेल असा वाद पेटतो. शिवाय तिथं थांबा म्हणजे थांबा. केळशीच्या बाजारात रोवलेल्या टाचणीला शिवून आल्याशिवाय सुटका नाही; गावाबाहेरून पुढे सरकलात तर मागे फिरा, मागे फिरा असा घोषा कानाशी सुरू. आपल्याला तर फक्त त्या बाजूच्या रस्त्याने जायचं होतं.

खास दुचाकीस्वारांसाठी बनलेल्या ॲपांना ही मेख कळलेली असते. कुर्विगर नावाचं जर्मन ॲप आहे, त्यात टाचण्या दोन जातींच्या. एक खरोखर थांबायची, दुसरी नुसती वाट वाकवणारी. दुसरीवरून आपण गुपचूप निघून जातो, कुणी हाक मारत नाही. मी ॲप निवडताना सगळ्यात आधी हे बघतो. रंगसंगती, थ्रीडी डोंगर, मित्रांनी दिलेले अंगठे वगैरे नंतर.

बहुतेक लोक मात्र वळणांवर भाळतात. कुर्विगर काय किंवा पोट्सडॅमचं कॅलिमोटो काय, त्यांची जाहिरातच ती: सगळ्यात जलद रस्ता नको, सगळ्यात नागमोडी द्या. रस्त्याच्या तुकड्यातुकड्याची वक्रता मोजून ते सरळ रस्त्याला मागे ढकलतात आणि वाकड्याला पुढे घेतात. कुर्विगरमध्ये तर वळणं किती हवीत याच्या पायऱ्याच आहेत, जेवणात तिखट विचारावं तशा. जर्मनीत ऑटोबान, म्हणजे तिकडचा सरळसोट महामार्ग, सगळीकडे पोचलेला, तिथं वळणं हुडकून काढणारं यंत्र लागणारच. आपल्याकडे वळण न घेता घाट उतरून दाखवावा कुणीतरी! कुंभार्लीला काय, आंबेनळीला काय, वळणं मागावी लागत नाहीत, ती अंगावर येतात.

आपला प्रश्न वळणाचा नाहीच, त्या वळणावर डांबर आहे का, हा आहे. ही ॲप्स ओपनस्ट्रीटमॅपच्या नकाशावर चालतात. २००४ साली सुरू झालेला, जगभरच्या हौशी माणसांनी भरत नेलेला हा नकाशा मला फार आवडतो. पण रस्ता डांबरी की मातीचा, ही नोंद कुणीतरी हाताने करावी लागते. दापोलीच्या आतल्या एखाद्या वाडीच्या रस्त्यावर ती नसली, की ॲप बिचारं त्याची नुसती कमनीय आकृती बघून आपल्याला तिकडे पाठवतं. पुढे जांभ्याचा चढ, लोळणारी म्हैस आणि मागे बसलेल्या व्यक्तीचं मौन.

गूगलने २०१७ च्या डिसेंबरात भारतात दुचाकीचा वेगळा पर्याय आणला, तो चांगलाच. आपल्याकडे जितका नवा आणि गुळगुळीत रस्ता, तितका तो दुचाकीला बंद. मुंबई-पुणे एक्सप्रेसवे नाही, वांद्रे-वरळी सी लिंक नाही, समृद्धी नाही, अटल सेतू तर नाहीच नाही. ज्या ॲपला हे ठाऊक नाही ते पाडायचं. एक्सप्रेसवेचं मला दुःखही नाही. जुन्या बोरघाटात शिंग्रोबाच्या देवळापाशी गाडी उभी करून हात जोडता येतात. इंग्रजांना या घाटाची वाट दाखवणारा हा धनगर, अशी कथा आहे; बॅटरीचा प्रश्न नसलेला वाटाड्या.

फेरीबोटीचं प्रकरण आणखी नाजूक. ॲपच्या सेटिंगमध्ये ‘फेरी टाळा’ चालू राहिलं, तर बागमांडल्याहून समोर दिसणाऱ्या वेश्वीला जायला ते आंबेतच्या पुलावरून फिरवून आणतं. बंद केलं तर पाण्यावर खुशाल तुटक रेषा काढतं, पण शेवटची बोट कधीची सुटली याची फिकीर त्या रेषेला नसते.

फोनचं म्हणाल तर तो हँडलला लावण्याची हौस मी सोडली. पावसाचे थेंब पडले की स्क्रीन स्वतःच बोटं फिरवल्यासारखी वागते, आणि मोठ्या इंजिनाच्या थरथरीने आयफोनचा कॅमेरा बिघडू शकतो, असं ॲपलनेच २०२१ मध्ये सांगून ठेवलंय. फोन खिशात, आवाज हेल्मेटमध्ये. तो आवाज गावांच्या नावांचं जे करतो ते ऐकून करमणूकही होते.

तर सध्याची माझी व्यवस्था अशी: रात्री संगणकावर कुर्विगरमध्ये रेषा आखायची, वाट वाकवणाऱ्या टाचण्या सढळ हाताने टोचायच्या, आखलेल्या मार्गाची जीपीएक्स फाइल फोनवर घ्यायची, आणि घाटाखाली रेंज जाते म्हणून नकाशा आधीच उतरवून ठेवायचा. गूगल फक्त पेट्रोल पंपासाठी. पावसाळ्यात वरंधा सुरू आहे की दरड आलीय, हे मात्र महाडच्या मावसभावाला फोन करून विचारतो. तो आधी जेवायला किती जण ते विचारून घेतो, मग घाटाचं सांगतो.