भिंतीवरचा सण

शनिवार, रात्री साडेअकरा

आज एकदाचं फिफ्थ ॲव्हेन्यूवरच्या ज्यू म्युझियमला जाऊन आलो. खरं कारण सांगायचं तर शनिवारी तिकीट नसतं. शब्बाथला, म्हणजे ज्यूंच्या शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, पैशाचा व्यवहार करायचा नाही म्हणून प्रवेश फुकट, आणि त्याच कारणाने त्यांचं दुकानही बंद, म्हणजे खर्चातून मी आपोआप वाचले असं नवऱ्याचं म्हणणं. एवढी मोठी संस्था, न्यूयॉर्कसारखं शहर, आठवड्यातला सगळ्यात गर्दीचा दिवस, आणि हे गल्ला बंद ठेवतात! आमचं मंडळ पाडवा पण वीकेंडला ढकलतं, कारण मंगळवारी हॉल मिळाला तरी माणसं येत नाहीत.

हनुका या ज्यू सणाचे दिवे बघायला गेलो होतो. त्यांच्याकडे असे हजारच्या वर आहेत म्हणे, सगळे मांडलेले नसतात, पण जे होते तेवढ्यातच तास गेला. आठ वाती आणि त्या पेटवायला एक जास्तीची, हा नियम सगळीकडे तोच, बाकी दिवा ज्या गावचा त्या गावच्या वळणाचा. पोलंडकडचा असला की सिंह बसलेत, मोरोक्कोचा असला की पितळेत मशिदीसारख्या कमानी. म्हणजे शेजाऱ्याचंच नक्षीकाम उचलायचं आणि त्यात आपली वात लावायची. आणि गंमत बघा, हनुका हा सण मुळात कशाबद्दल, तर इ.स.पू. दुसऱ्या शतकात ग्रीक राजा ज्यूंना म्हणाला आमच्यासारखे व्हा, देवही आमचे घ्या, तर मक्काबी नावाच्या ज्यू बंडखोरांनी उठाव केला, जेरुसलेमचं देऊळ परत मिळवलं, त्याचा. दुसऱ्यासारखं व्हायला नकार दिल्याचा सण, आणि दिवा मात्र जिथे जाईल तिथल्यासारखा. मला हे फार आवडलं. नवरा तोपर्यंत बाकावर बसला होता.

मग ओपनहाइमचं चित्र. मोरित्झ डॅनियल ओपनहाइम, १८००मध्ये हानाऊच्या ज्यू वस्तीत जन्मलेला चित्रकार. हे चित्र १८३३-३४चं. नेपोलियनविरुद्ध लढून एक ज्यू पोरगा घरी परतलाय, गणवेशातच खुर्चीत बसलाय, घरचे सगळे भोवती जमलेत, टेबलावर शब्बाथची पाव आणि वाइनचा पेला. भिंतीवर प्रशियाच्या राजाची, फ्रेडरिक द ग्रेटची तसबीर, म्हणजे घर राजनिष्ठ आहे हेही सांगून झालं. बाप मात्र पोराच्या छातीवरचं पदक निरखतोय. ते पदक म्हणजे आयर्न क्रॉस, प्रशियाचं लष्करी पदक. क्रूस! पोराचा अभिमान वाटतोय की पोटात गोळा आलाय, हे त्या चेहऱ्यावरून मला तरी ठरवता आलं नाही, आणि त्यात पोरगा शब्बाथलाच प्रवास करून आलेला दिसतोय, तो नियम मोडलाच. एवढं करून देशाने काय दिलं, तर आधी दिलेले हक्कही युद्ध संपल्यावर बऱ्याच ठिकाणी काढून घेतले, पूर्ण बरोबरी मिळायला जर्मनीत १८७१ उजाडलं.

याच ओपनहाइमने पुढे जुन्या ज्यू घरातल्या सणांची मालिका काढली, सेडर (इजिप्तमधून सुटल्याच्या पेसाख सणाच्या रात्रीचं जेवण), सुक्कोत (मांडवात राहायचा सण), शब्बाथ वगैरे. काळ्या-करड्या रंगात काढली, कारण फोटो चांगले निघावेत. १८६६पासून त्या फोटोंचे संच छापून विकले जायला लागले आणि धडाधड खपले. घेणारे कोण, तर जे जुन्या ज्यू वस्त्यांच्या गल्ल्यांमधून बाहेर पडून डॉक्टर-वकील-बँकर झाले होते आणि ज्यांच्या घरी यातलं निम्मंही उरलं नव्हतं ते. हॉलमध्ये पंढरीच्या वारीचे मोठ्ठे फ्रेम केलेले फोटो लावणाऱ्या आपल्या लोकांसारखंच की, सासवडपर्यंतसुद्धा कधी चाललेले नसतात. (आमच्याकडेही आहे एक. आयकियाच्या फ्रेममध्ये.)

येताना ट्रेनमध्ये फोनवर अजून शोधत बसले. बर्लिनच्या ज्यू म्युझियमने २००५च्या हिवाळ्यात नाताळ आणि हनुका यांच्या सरमिसळीवर अख्खं प्रदर्शन केलं होतं. जर्मन ज्यू घरांमध्ये ख्रिसमस ट्री सर्रास असायचं. खुद्द हर्झल, ज्यूंना स्वतःचा देश हवा म्हणणाऱ्या झायोनिझम चळवळीचा पुढारी, त्याच्या व्हिएन्नाच्या घरी १८९५च्या नाताळात झाडावरचे दिवे लावत होता तेव्हाच नेमके तिथले मुख्य रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू आले, आणि हे हर्झलने स्वतः डायरीत लिहून ठेवलंय. १९०४चं एक व्यंगचित्र तर जबरदस्त आहे, ज्यूंच्याच मासिकातलं. पहिल्या चित्रात हनुकाचा दिवा, मग तो हळूहळू वाढतो, फांद्या फुटतात, आणि शेवटी नाताळचं झाड होतं. शीर्षक डार्विनच्या नावाने, जणू उत्क्रांतीच. दिव्याचा मालक, गावाकडचा ‘कोन’ नावाचा चामड्याचा व्यापारी, तोपर्यंत बर्लिनचा कॉनराड झालेला असतो. नवऱ्याला दाखवलं तर तो म्हणाला, आपल्याकडे पण ‘सॅंडी’ आहेत की, मूळचे संदीप. बरोबर आहे.

पण मला राहून राहून आपल्याच लोकांची आठवण येत होती, बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. अलिबागजवळ नवगावला गलबत फुटून सात जोडपी वाचली अशी त्यांची कथा. तेल गाळायचे, शनिवारी घाणा बंद, म्हणून शनवार तेली. शतकानुशतकं कोकणात राहून हिब्रू विसरले, पण शनिवार, सुंता आणि खाण्याचे नियम नाही विसरले. सणांची नावं काय, तर नव्याचा सण, होळीचा सण, बिरड्याचा सण. होळीचा म्हणजे होळीच्या सुमाराला येणारा ज्यूंचा पुरिम. बिरड्याचा म्हणजे जेरुसलेमचं देऊळ पडल्याच्या दुःखाचा उपास, तो वालाच्या बिरड्यावर सोडायचा! हनुका तर त्यांना माहीतच नव्हता. मग १८३०च्या सुमारास मुंबईच्या विल्सन कॉलेजवाल्या मिशनरी जॉन विल्सनसाहेबाने मराठीतून हिब्रूचं व्याकरण लिहिलं, यांना ख्रिस्ती करायच्या आशेनं. यांनी हिब्रू शिकून घेतली आणि उलट आणखी पक्के ज्यू झाले, साहेब बसला हात चोळत.

त्यांची १८७४ची हगादा, पेसाखच्या रात्री वाचायची पोथी, पुण्यात छापलेली, हिब्रू आणि शेजारी मराठी. त्यातलं चित्र घरी आल्यावर झूम करकरून पाहिलं. साड्या नेसलेल्या बायका जमिनीवर बसून बिनखमिराच्या पोळ्या लाटतायत, भाजतायत. युरोपातल्या पोथ्यांमधल्या चित्रांवरून कल्पना घेतली असणार, पण बसायची ढब आपली. ओपनहाइमची चित्रं दिवाणखान्यात लागली, ही पोथी दरवर्षी जेवणाच्या वेळी हातात धरायची वस्तू होती. मला ही जास्त जवळची वाटते, आता मराठी आहे म्हणून वाटत असेल तर असो.

नवऱ्याने विचारलं, मग शेवटी टिकले ना ते? अरे टिकले, पण १९४८नंतर बहुतेक सगळे इस्राएलला गेले, तिथे अजून पोहे, गूळ, खोबऱ्याचा मलिदा करतात, ‘मायबोली’ नावाचं मराठी मासिकही काढलं. पण तिथे गेल्यावर रब्बी लोकांनी यांच्या लग्नांवर शंका काढली, तुमच्या पिढ्या तपासू म्हणाले. जेरुसलेमला धरणं धरावं लागलं, तेव्हा कुठे १९६४मध्ये सरकारने जाहीर केलं की हे सर्वार्थाने ज्यूच आहेत.

“का पण? होळीचा सण म्हणायचे म्हणून?”

“छे रे, ते म्हणणं त्यांनी कधीच सोडलं होतं.”