इंद्रवज्राचा फोटो, उडवलेली रॉ फाईल आणि माझं एकुलतं एक ॲक्सेप्टन्स

आधीच सांगते, मेडल वगैरे काही मिळालेलं नाहीये मला. दोन वर्षांत एक ॲक्सेप्टन्स, म्हणजे एक फोटो प्रदर्शनासाठी निवडला गेला, बास. पण लँडस्केप फोटो स्पर्धेला पाठवताना मी जिथे जिथे आपटले ते कोणी आधी सांगितलं असतं तर निदान फीचे पैसे तरी वाचले असते, म्हणून लिहितेय.

झालं असं की सप्टेंबरमध्ये आम्ही पाचनईवरून हरिश्चंद्रगडावर गेलो, रात्री वर मुक्काम आणि उजाडल्यावर कोकणकडा. कडा पश्चिमेला तोंड करून आहे त्यामुळे गर्दी असते ती सूर्यास्ताला, पण इंद्रवज्र (ढगावर पडलेल्या आपल्याच सावलीभोवती दिसणारं गोल इंद्रधनुष्य) बघायचं तर सकाळीच, सूर्य पाठीशी हवा आणि समोर दरी ढगांनी भरलेली हवी. कर्नल साईक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३५ मध्ये इथूनच बघितलं होतं असं गडाच्या प्रत्येक माहितीत असतं. आम्हाला दिसलं जेमतेम चार मिनिटं. बांगडीसारखं पूर्ण गोल, आणि मधोमध माझीच सावली! शेजारी आतेभाऊ ओरडतोय "ताई, माझ्या डोक्याभोवती आहे बघ", मी म्हणतेय अरे माझ्या. दोघंही बरोबर, ज्याचं त्याला आपल्याच डोक्याभोवती दिसतं.

फोटो ग्रुपवर टाकला आणि सगळे सुरू, स्पर्धेला पाठव, स्पर्धेला पाठव.

पहिलं सलोन (म्हणजे फोटोंची स्पर्धा आणि प्रदर्शन) फियापची, म्हणजे फोटोग्राफीच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची मान्यता असलेलं, तिथे नेचर सेक्शनला, म्हणजे निसर्गाच्या विभागात पाठवला. डिस्क्वालिफाय. कारण काय तर खाली कोपऱ्यात माझं नाव, हौसेने वॉटरमार्क टाकलेला. जजना फोटो कोणाचा ते कळता कामा नये, हे नियमात स्पष्ट लिहिलेलं होतं, वाचतंय कोण. मग नाव काढून दुसरीकडे, परत नेचरलाच, तर तिथेही बाद. क्लबमधल्या एका काकांना विचारलं तर म्हणाले, "अहो मॅडम, नेचरमध्ये माणसाची खूण चालत नाही, आणि मधे ती सावली कोणाची आहे?" मी म्हटलं सावली म्हणजे काय माणूस आहे का, तर म्हणे जजशी जाऊन भांडा. सांदण दरीचा दोन फ्रेम जोडून केलेला पॅनोरमा पण त्याच सेक्शनला पाठवला होता, तोही गेला, नेचरमध्ये जोडाजोडी चालत नाही.

मग ओपन कलर, म्हणजे कुठल्याही विषयाच्या रंगीत फोटोंचा विभाग. इथे सावली चालते, पण तीन जजचे मिळून १५ पैकी ८ आले. का आले ते एका रात्री मॉनिटरवर १०० टक्के झूम केल्यावर कळलं. ढगांमध्ये सात काळे ठिपके! सेन्सरवरची धूळ. एफ १६ वर काढला होता, एवढं लहान ॲपर्चर (लेन्सचं छिद्र) ठेवलं की धूळ अगदी उठून दिसते. फोनवर एकही दिसला नव्हता, आणि मी फोनवर बघूनच खूश होते.

ठिपके काढून मग बाहेरच्या देशातल्या एका मोठ्या स्पर्धेला पाठवला. शेवटची वेळ रात्री ११.५९ जीएमटी, म्हणजे आपल्याकडे पहाटे ५.२९, त्यामुळे चारचा गजर लावून अपलोड केला (मी कुठलंही काम शेवटच्या दिवशीच करते). दीड महिन्याने मेल आला, शॉर्टलिस्ट! आणि खाली एक ओळ, पाच दिवसांत मूळ रॉ फाईल (कॅमेऱ्यातून निघालेली, काहीही न बदललेली) पाठवा.

तर माझी सवय अशी की एडिट झालं, जेपेग निघाली की रॉ डिलीट. लॅपटॉप सारखा भरतो ना. हार्ड डिस्क, कार्ड, रिकव्हरीचं सॉफ्टवेअर, सगळं करून बघितलं, पण त्या कार्डावर नंतर दोन लग्नं शूट झालेली. ढगात तरंगणारं गोल इंद्रधनुष्य आणि मधे माणूस, असला फोटो बघून कोणीही म्हणेल फोटोशॉप आहे, मीही म्हटलं असतं. हल्ली हे सगळीकडेच कडक झालंय, २०२१ ला सुरू झालेली नॅचरल लँडस्केप फोटोग्राफी अवॉर्ड्स ही स्पर्धा तर रॉ तपासल्याशिवाय पुढेच नेत नाही. मी मेल लिहिला, फाईल नाही, फोटो खरा आहे. दोन ओळींचं सभ्य उत्तर आलं आणि विषय संपला. आतेभावाने काढलेला देऊ का असंही एकदा मनात आलं, पण त्याच्या फोटोत वर्तुळ त्याच्या डोक्याभोवती!

एक राहिलंच, फुकट स्पर्धा दिसली की आधी हक्कांचा परिच्छेद वाचा. एका ठिकाणी लिहिलेलं की पाठवलेला प्रत्येक फोटो, जिंको न जिंको, आयोजक जाहिरातीत कायम वापरणार. तिथे नाही पाठवला.

आणि जो ॲक्सेप्ट झाला तो त्याच सकाळचा, इंद्रवज्र विरल्यावर सगळे चहाला गेले तेव्हाचा. कड्याची काळी कड, ओलं गवत आणि पुढे नुसता राखाडी ढग. तो कधी एडिटच केला नव्हता, म्हणून त्याची रॉ वाचली. आतेभाऊ बघून म्हणाला, "ताई, यात तर काहीच नाहीये." खरं सांगायचं तर एका सेक्शनच्या फीमध्ये चार फोटो जातात, माझ्याकडे धड तीनच होते, चौथी जागा रिकामी कशाला म्हणून टाकला होता.