चाक फिरतंय, पण सुकाणू वळत नाही: सहा दिवसांच्या पल्ल्यातली दुरुस्ती

पल्ला सहा दिवसांचा, वारा सगळा वेळ मागून, १८ ते २२ नॉट. बोट १२ मीटरची, एका चाकाची. चाकाच्या खांबात चेन, चेनच्या दोन्ही टोकांना ६ मिमीची स्टेनलेस वायर, खांबाच्या तळाशी दोन कप्प्या आणि तिथून वायर मागे सुकाणूच्या दांड्यावरच्या क्वाड्रंटला, म्हणजे वायर ओढली की दांडा फिरवणाऱ्या पंख्याच्या आकाराच्या तुकड्याला. तिसऱ्या रात्री चाक डावीकडे फिरवताना एकदम हलकं झालं.

मागून येणाऱ्या लाटांत ही यंत्रणा सर्वांत जास्त झिजते. प्रत्येक लाट सुकाणूला आळीपाळीने दोन्ही बाजूंनी धक्का देते, त्यामुळे वायरवरचा ताण दिवसभरात हजारो वेळा उलटसुलट होतो. वायर थोडी जरी ढिली असली, तरी प्रत्येक वेळी झटका बसतो.

असं झालं की आधी शिडं. सुकाणू सुटलेली बोट मुख्य शिडाच्या जोरावर वाऱ्याकडे वळते आणि आडवी पडते, म्हणून मुख्य शीड खाली आणि पुढचं अर्धं गुंडाळून ठेवायचं. मग ऑटोपायलट. त्याचा हात थेट सुकाणूच्या दांड्याला जोडलेला असेल, तर वायर तुटली तरी तो बोट सांभाळतो. इथे तसाच होता, त्यामुळे तपासणीला निवांतपणा मिळाला. ऑटोपायलट चाकालाच फिरवणारा असेल, तर मात्र उपयोग शून्य. आणीबाणीचा टिलर, म्हणजे सुकाणूच्या दांड्यावर थेट बसवायची सुटी दांडी, काढावा लागतो.

बिघाड शोधायला दोघं लागतात. एकाने चाक सावकाश फिरवायचं, दुसऱ्याने मागच्या लॉकरमध्ये टॉर्च घेऊन क्वाड्रंटकडे बघायचं. हात आत घालण्याआधी ऑटोपायलट नुसता स्टँडबायवर नको, त्याचा ब्रेकरच पाडायचा. क्वाड्रंट हाताचं बोट चिरडू शकतो. एका बाजूला ओढ लागते, दुसऱ्या बाजूला नाही, म्हणजे एक वायर गेली. दोन्ही बाजूंना चाक मोकळं फिरतं, म्हणजे चेन दातेरी चाकावरून उतरली किंवा चाकाची की (चाक त्याच्या आसावर पक्कं धरणारी धातूची पट्टी) तुटली. क्वाड्रंट फिरतो पण दांडा जागचा हलत नाही, म्हणजे क्वाड्रंटचे बोल्ट ढिले आहेत किंवा त्याची की कापली गेली. दांडाही फिरतो आणि बोट ढिम्म, म्हणजे सुकाणूच्या पात्यातली आतली चौकट दांड्यापासून सुटली. त्याला समुद्रात इलाज नाही. चाक जाम असेल, तर आधी लॉकरमधलं सामान क्वाड्रंटमध्ये अडकलंय का बघा. पुष्कळदा तेच निघतं. नाहीतर वायर कप्पीवरून उतरून फटीत अडकलेली असते किंवा नायलॉनचं बेअरिंग पाणी पिऊन फुगलेलं असतं.

इथे डावी वायर गेली होती, तीही खांबाच्या तळाशी, कप्पीला वळसा घालते त्याच जागी. वायर सहसा तिथेच जाते, कारण वाकण सर्वांत जास्त तिथे आणि नजर सर्वांत कमी. तुटकं टोक ब्रशसारखं पिंजारलेलं होतं. त्यातल्या बहुतेक तारांची टोकं काळपट होती, चमकणारी थोडीच. काळपट म्हणजे केव्हाच्या तुटलेल्या. त्या रात्री फक्त उरलेल्या तुटल्या. आणि कप्पी हाताने फिरेना. पिनवर ती गंजून बसली होती, वायर तिच्यावरून नुसती घासत होती. फक्त वायर बदलली असती, तर नवीही काही दिवसांत तशीच कापली गेली असती.

दुरुस्तीत निम्मा वेळ खांब उघडण्यात जातो. खांबाच्या माथ्यावरचं होकायंत्र काढण्याआधी त्याच्या बैठकीवर आणि खांबावर टेपने एकच सरळ खूण करा, म्हणजे परत बसवताना ते तिरकं होत नाही. त्याचे स्क्रू चुंबक न ओढणारे असतात, ते हरवू नका. चेन आणि वायरचा फोटो घ्या. काही खांबांत वायरी एकमेकींना ओलांडतात. त्या सरळ ओवल्या, तर चाक उजवीकडे नेल्यावर बोट डावीकडे जाते. कप्पी काढून पिन एमरी पेपरने घासली, तेल दिलं, कप्पी बोटाने गरगर फिरायला लागली, मगच नवी वायर ओवली.

सुकाणू मध्यावर, चेनची मधली कडी दातेरी चाकाच्या बरोबर वर, अशी सुरुवात. क्वाड्रंटच्या बाजूला वायर थिंबलवरून (फासाला आतून आधार देणारी धातूची खाचेदार कडी) वळवून क्लिपा लावायच्या, किमान दोन. क्लिपचा खाचांचा तुकडा ताण येणाऱ्या वायरवर, यू-बोल्ट मोकळ्या शेपटीवर. उलटं लावलं की यू-बोल्ट ताणाची वायरच चेपतो. ताण तपासायला चाक ब्रेकने बांधा आणि क्वाड्रंट हाताने हलवून बघा; हलता कामा नये. त्याहून जास्त आवळू नका, चाक जड होतं आणि सुकाणूची जाणीव जाते. शेवटी चाक दोन्ही टोकांपर्यंत फिरवा. चेन संपण्याआधी क्वाड्रंट त्याच्या अडथळ्यावर टेकला पाहिजे, नाहीतर सगळा मार चेनवर बसतो. नवी वायर थोडी बसते: काही तासांनी आयबोल्टचा (वायर ताणणाऱ्या, टोकाला कडी असलेल्या बोल्टचा) नट पुन्हा अर्धा फेरा घ्यावा लागला.

सुटी वायर नसेल, तर ६ मिमीचा डायनीमा दोर (न ताणणाऱ्या, फार मजबूत कृत्रिम धाग्याचा) तात्पुरता चालतो. गाठ मारू नका, निसटते आणि दोराची निम्मी ताकद खाते, स्प्लाइस करा, म्हणजे दोराचं टोक त्याच्याच आत ओवून फास करा. तुटक्या तारांनी कप्पीच्या खाचेला आलेले ओरखडे आधी घासून काढा.

आणीबाणीचा टिलर निघण्याआधी एकदा तरी बसवून, शिडावर चालवून बघा. डेकवरचं झाकण हमखास आवळून बसलेलं असतं आणि त्याची चावी भलत्याच डब्यात. टिलर बहुधा आखूड असतो, लाटेत एका माणसाला आवरत नाही; टोकाला दोन दोर बांधून कप्प्यांवरून दोन्ही बाजूंच्या विंचवर (दोर ओढायच्या फिरत्या ढोलांवर) न्या. चाक हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारं, असेल तर तेलाला मोकळी वाट देणारा बायपास व्हॉल्व्ह उघडा, नाहीतर सिलिंडर सुकाणू धरून ठेवतो.

निघण्याआधीची तपासणी दहा मिनिटांची. टिश्यू पेपरच्या चार-पाच घड्या तेलात भिजवून वायरवरून ओढा. तुटकी तार कागद पकडते, हाताचं बोट वाचतं, वायरला तेलही मिळतं. कप्पीखाली काळी भुकटी दिसली, तर कप्पी जाम आहे किंवा वायरच्या रेषेत नाही. स्प्लिट पिना मोजा.

पिशवीत हवं ते: योग्य लांबीची एक वायर, चार क्लिपा, दोन थिंबल, कप्पीची पिन, स्प्लिट पिना, चेनची जोडकडी, तेल, छोटा आरसा. पाच वर्षांनी वायरी बदला, जोडीनेच. उतरवलेल्यांपैकी धड असेल ती फेकू नका, गुंडाळून त्याच पिशवीत ठेवा.