बातू गाजा: फोर्स १३६ ते मलायाची आणीबाणी, एका दिवसात

मलायाची (आजच्या द्वीपकल्पीय मलेशियाची) आणीबाणी, म्हणजे १९४८ ते १९६० मधलं ब्रिटिश सत्तेविरुद्धचं कम्युनिस्ट बंड. त्याच्या खुणा पाहायला निघालेले बहुतेक जण पेराक राज्यातल्या इपोह शहरातून थेट सुंगाई सिपुट गाठतात. १६ जून १९४८ च्या सकाळी तिथे तीन युरोपीय मळेवाले मारले गेले. पण आजही तो सगळा खासगी मळ्यांचा भाग. रस्त्यावरून झाडं बघून परतावं लागतं. त्यापेक्षा आधी बातू गाजाला जा.

या छोट्या गावात गोष्टीची दोन्ही टोकं आहेत. फोर्स १३६ म्हणजे दुसऱ्या महायुद्धात जपानव्याप्त भागात काम करणारी ब्रिटिशांची गुप्त संघटना. तिचे हेर लिम बो सेंग २९ जून १९४४ रोजी जपान्यांच्या कैदेत इथल्याच तुरुंगात वारले. त्याच फोर्सने कम्युनिस्टांच्या जपानविरोधी लोकसेनेशी करार करून तिला विमानातून शस्त्रं पुरवली. पेराकमध्ये दोघांमधला दुवा होते कम्युनिस्ट नेते चिन पेंग. युद्धानंतर ब्रिटिशांनी त्यांना ओबीई किताब दिला, आणि १९४८ मध्ये तेच ब्रिटिशांविरुद्धच्या बंडाचे प्रमुख होते. त्या तीन मळेवाल्यांच्या कबरी याच गावात, होली ट्रिनिटी चर्चलगतच्या ‘गॉड्स लिटल एकर’ दफनभूमीत आहेत.

तुरुंग अजून चालू आहे. बाहेरूनच बघा, कॅमेरा बाहेर काढू नका. दफनभूमीत आठच्या सुमारास पोहोचा. तिरप्या उन्हात झिजलेली अक्षरं उठून दिसतात, दुपारी डोक्यावरच्या उन्हात तोच दगड सपाट, कोरा वाटतो. अक्षरांवर खडू घासू नका, दगड खराब होतो. एकेका दगडावरचं साल वाचत चला. मळेवाले, पोलीस, सैनिक यांच्या तारखा १९४८ नंतर कशा दाटत जातात ते कुठल्याही फलकापेक्षा स्पष्ट कळतं.

केएलहून (क्वालालंपूरहून) येणार असाल तर इटीएस ही जलद रेल्वेगाडी बातू गाजाला थांबते का ते तिकीट काढतानाच पाहा, सगळ्या थांबत नाहीत. शनिवार-रविवारची तिकिटं लवकर संपतात. इपोहहून दिवसभरासाठी मोटार ठरवणं सगळ्यात सोयीचं.

पुढे कम्पार गावाजवळची ग्रीन रिज ही टेकडी. ३० डिसेंबर १९४१ ते २ जानेवारी १९४२ या काळात ब्रिटिश भारतीय सैन्याच्या ११ व्या इंडियन डिव्हिजनने इथे जपान्यांना थोपवून धरलं. त्यात आपल्याकडचे शीख, पंजाबी, गुरखा जवान होते. हे ठिकाण टाळू नका. अशा माघारीत रणांगणावर टाकलेली शस्त्रं कम्युनिस्टांनी वेचली आणि त्यांच्यावरच जंगलातली फौज उभी राहिली. खंदक अजून दिसतात, पण पावसानंतर गवतात झाकले जातात आणि पाय आत जातो. हातात काठी ठेवा, पँट मोज्यांत खोचा, जळवांसाठी मिठाची पुडी घ्या.

शेवटी गोपेंगजवळची गुआ तेम्पुरुंग गुहा. आणीबाणीत बंडखोर इथे लपत. पाण्यातल्या लांब फेरीला तीन-चार तास लागतात आणि नदी फुगली की ती बंद होते. एका दिवसात सगळं बसवायचं तर कोरडी, छोटी फेरीच घ्या. गाडी थांबवून ठेवा, संध्याकाळी तिथे ग्रॅब (अ‍ॅपवरची टॅक्सी) मिळेलच असं नाही.