चोवीस भोकांची पेटी: ठोकळा बसला, कातडं काळं झालं

माझ्याकडे अमेरिकन मिलिशियाची, म्हणजे गरजेला बोलावल्या जाणाऱ्या नागरी फौजेची, एक जुनी काडतूसपेटी आहे. तिची नक्कल बनवतोय, आणि कागदात गुंडाळलेली गोळी-दारू, म्हणजे काडतुसं, खोचायचा तिच्यातला ठोकळा एकदाचा बसला. मॅपलचं लाकूड, तीन ओळी, ओळीत आठ, अशी पाऊण इंची चोवीस भोकं. आत सरकवताना अंगठ्याचा जोर लागतो आणि पेटी हलवली तरी खुळखुळत नाही.

चोवीसच का, ते नव्यांसाठी सांगतो. ८ मे १७९२ च्या अमेरिकन मिलिशिया कायद्याने १८ ते ४५ वयाच्या धडधाकट, स्वतंत्र गोऱ्या नागरिकाला पदरमोड करून बंदूक, संगीन, पट्टा, ठिणगी पाडायच्या दोन जादा गारगोट्या, पाठपिशवी आणि किमान २४ काडतुसं मावतील अशी पेटी बाळगायला लावली. मुदत सहा महिन्यांची. एकच नमुना कुणी ठरवून दिला नव्हता, त्यामुळे खोगीरवाल्यांनी आपापल्या अकलेने पेट्या शिवल्या. एकीसारखी दुसरी क्वचितच सापडते, आणि मला या सामानाचं वेड लागलं ते त्यामुळेच.

आपल्या संग्राहकांतले बरेच जण अस्सलपणा तपासताना आधी झाकणावरचा गरुड, म्हणजे अमेरिकेचं चिन्ह, बघतात. मी आधी ठोकळा बाहेर काढतो. गरुड मागाहून कुणीही रंगवू शकतो. भोकांच्या कडा काडतुसं काढून-घालून गुळगुळीत झाल्या असतील, तर ती झीज नकली करणं फार कष्टाचं.

भोकाचं मापही कायद्यातूनच निघतं. गोळी पौंडभर शिशात अठरा, म्हणजे व्यास सुमारे ०.६४ इंच. सरकारी मस्केटची, म्हणजे तोंडातून भरायच्या लांब बंदुकीची, नळी ०.६९ ची. मधली फट मुद्दाम ठेवलेली, कारण काळ्या दारूची काजळी साचली की घट्ट गोळी नळीत उतरत नाही. गोळीभोवती कागदाचे वेढे येतात, म्हणून भोक पाऊण इंची. तपासायला लाकडी गोळ्या घालून कागदी काडतुसं वळली, दारूच्या जागी रवा भरला. बायकोने डबा लपवून ठेवलाय.

आता कातडं. ओकच्या सालीत कमावलेलं घेतलं, रापीने बेतलं, आरीने भोकं पाडून मेण लावलेल्या लिननच्या दोऱ्याने दोन सुयांची शिवण घातली. बाजारचा काळा रंग टाळला. व्हिनेगरमध्ये लोखंडाचा कीस मुरवून ते पाणी ब्रशने लावलं. सालीतल्या टॅनिनशी लोह भिडतं आणि तपकिरी कातडं आधी निळसर-करडं, मग डोळ्यांदेखत काळं होतं. रंग तंतूंतच धरतो, म्हणून कपड्याला फारसा लागत नाही. कोल्हापुरी चपलांचं कातडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावतात. त्याच्या एका तुकड्यावरही हाच प्रयोग उत्तम साधला. हिरडा आणि हिराकस (लोहाचा क्षार) यांची जुनी शाई याच जातीची. मात्र नंतर सोड्याच्या पाण्याने नीट धुवा. उरलेलं आम्ल आणि लोह कातडं हळूहळू खातं. जुन्या संग्रहांत काळं कातडं आधी तडकतं त्यामागे पुष्कळदा हेच असतं. वरून चरबी आणि मधमाशांचं मेण, पातळ हाताने.

हे सगळं नकलेवर, बरं का. मूळ पेटीला तेलाचा थेंबही लावलेला नाही आणि लावणार नाही. तेलाने चार दिवस कातडं मऊ वाटतं, मग ते चिकट होतं, काळवंडतं, धूळ धरतं. ती आम्लमुक्त कागदात, आत आधार भरून, ५० टक्क्यांच्या आसपास आर्द्रतेत पडून आहे. हाताळायला नक्कल आहेच.

खांद्याचा पट्टा अजून बाकी. मिलिशियातल्या स्वयंसेवकांच्या हौशी तुकड्या पाइपक्ले, म्हणजे पांढरी माती, फासलेले पांढरेशुभ्र पट्टे मिरवायच्या आणि फोटोत तेच उठून दिसतात, हे कबूल. पण माझी मूळ पेटी अगदी साधी आहे: कडेने एक ओरखडलेली रेघ, खाली पितळी घुंडी, बस्स. ती हजेरीपुरतं मैदानात येणाऱ्या शेतकऱ्याच्या कमरेशी शोभेल अशी. म्हणून पट्टाही काळाच, आणि बकल लोखंडी. तसं बकल ओतीव नको, घडवलेलं हवंय. कुणाला चांगला लोहार ठाऊक असेल तर कळवा.