स्मरणशक्तीचा खेळाडू

२०२५ साली पुदुच्चेरीत शिकणारा विश्वा राजकुमार हा २० वर्षांचा तरुण ‘मेमरी लीग’ या स्मरणशक्तीच्या स्पर्धेचा जगज्जेता झाला. त्या स्पर्धेत त्याने ८० अंक साडेतेरा सेकंदांत लक्षात ठेवले. अशी बातमी वाचली की ‘ही दैवी देणगी’ असे म्हणून आपण मोकळे होतो आणि त्या मुलाचे कष्ट नजरेआड करतो, हे मला मनापासून खटकते.

हे खेळाडू अंक घोकत नाहीत, त्यांची चित्रे करतात. आपल्याकडच्या जुन्या कटपयादी पद्धतीत प्रत्येक व्यंजनाला अंक नेमलेला असतो आणि शब्द उजवीकडून डावीकडे उलगडतात. त्या हिशेबाने (न ०, ग ३, प १, र २) ‘नागपूर’ म्हणजे २१३०. आजचे स्पर्धकही याच धाटणीचे कोष्टक अंगवळणी पाडतात, दोन किंवा तीन अंकांच्या प्रत्येक गटासाठी एक व्यक्ती किंवा वस्तू ठरवतात आणि ती चित्रे ओळखीच्या वाटेवर ओळीने मांडत जातात. नागपूरच्या मुलाला सीताबर्डी, झाशी राणी चौक, शंकरनगर, एलएडी चौक ही मेट्रोची वाट त्यासाठी उत्तम आहे. मात्र तीच वाट लगेच पुन्हा वापरली तर जुनी आणि नवी चित्रे एकमेकांत मिसळतात, म्हणून अशा कितीतरी वाटा मनात तयार ठेवाव्या लागतात. खरी मेहनत इथे आहे.

२०१७ साली ‘न्यूरॉन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात सामान्य लोकांकडून सहा आठवडे, रोज अर्धा तास असा सराव करून घेतला होता. ७२ शब्दांच्या यादीतले सरासरी २६ शब्द आठवणारी ती माणसे ६२ शब्दांपर्यंत पोहोचली.

प्रश्न उरतो तो कारकिर्दीचा. आपल्या नागपूरची दिव्या देशमुख १९व्या वर्षी महिला बुद्धिबळ विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर झाली, तेव्हा त्या खेळामागे मानांकन, संघटना आणि प्रशिक्षक यांची भक्कम चौकट होती. स्मरणशक्तीच्या जागतिक स्पर्धा १९९१ पासून होत असल्या, तरी त्यांना तसा आधार नाही. केवळ बक्षिसांवर पोट भरेल, असे कोणत्याही मुलाला सांगणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. तरीही ‘बोर्डाच्या परीक्षेत याचा काय उपयोग?’ असे विचारणाऱ्या पालकांना मी ॲलेक्स मलनचे उदाहरण देते. २०१५ साली जगज्जेता झाला तेव्हा तो अमेरिकेत वैद्यकीय शिक्षण घेत होता, त्या अभ्यासातही त्याने हीच तंत्रे वापरली आणि पुढे ती इतर विद्यार्थ्यांना विनामूल्य शिकवली.